क्षरणकारी वायूंचे सुरक्षित वहन आणि आर्द्रतेचा प्रश्न

१. प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या अध्यापनात एक साधा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या दाखविला जात आहे. मीठ आणि संहत सल्फ्युरिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून मिळविलेला हायड्रोजन क्लोराईड वायू नीट सुकवून त्यात कोरडा निळा लिटमस कागद धरला, तर कागदाचा रंग बदलत नाही. तोच कागद किंचित ओला करताच तांबडा होतो. आम्लधर्म पाण्याच्या सान्निध्यात प्रकट होतो, एवढा निष्कर्ष काढून विद्यार्थी पुढच्या पाठाकडे वळतात. औद्योगिक क्षेत्रात मात्र याच निष्कर्षावर कोट्यवधींची यंत्रसामग्री आणि ती हाताळणाऱ्या कामगारांची सुरक्षितता अवलंबून असते.

अर्धवाहक चकत्यांवरील सूक्ष्म रचना कोरण्यासाठी क्लोरीन, हायड्रोजन ब्रोमाईड आणि बोरॉन ट्रायक्लोराईड हे वायू वापरले जातात. टंगस्टनचा थर देण्यासाठी टंगस्टन हेक्झाफ्लोराईड लागतो, तर सिलिकॉनचे थर वाढविणाऱ्या भट्ट्यांच्या सफाईसाठी हायड्रोजन क्लोराईड लागतो. जलशुद्धीकरण केंद्रांत क्लोरीनचा वापर सर्वपरिचित आहे. हे सर्व वायू दाबाखाली सिलिंडरमध्ये साठविले जातात आणि नळ्यांमधून यंत्रापर्यंत नेले जातात. या वहनव्यवस्थेत खरा शत्रू वायू नसून त्यात शिरणारे पाणी आहे, आणि ते शिरण्याची मुख्य वेळ सिलिंडर बदलण्याची असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शुष्क वायू व धातू यांचा संबंध

कार्ल शेले याने १७७४ मध्ये क्लोरीन प्रथम तयार केला आणि मायकेल फॅरडे याने १८२३ मध्ये तो काचेच्या बंद नळीत द्रवरूपात आणला. तरीही त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ हा वायू दूरवर पाठविण्याचा व्यवहार्य मार्ग उपलब्ध नव्हता. धातूंना खाऊन टाकणारा वायू धातूच्या भांड्यात ठेवता येणार नाही, अशीच सर्वसाधारण समजूत होती. जर्मनीतील बीएएसएफ या कंपनीतील रसायनतज्ज्ञ रुडॉल्फ क्नीट्श याने १८८८ मध्ये दाखवून दिले, की पूर्णपणे शुष्क क्लोरीन सामान्य तापमानाला लोखंडावर वा पोलादावर लक्षणीय परिणाम करीत नाही. या शोधामुळे द्रवरूप क्लोरीन पोलादी पात्रांत भरून पाठविणे शक्य झाले.

या संदर्भात टायटॅनिअमचे उदाहरण बोधप्रद आहे. ओल्या क्लोरीनमध्ये टायटॅनिअम उत्तम टिकते, परंतु शुष्क क्लोरीनमध्ये ते पेट घेऊ शकते. पोलादाचे वर्तन नेमके उलट आहे. म्हणजेच ‘क्लोरीनसाठी योग्य धातू कोणता?’ हा प्रश्न अपुरा आहे. वायू ओला आहे की कोरडा, हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

३. पाण्याचे कार्य

नळीच्या आतील पृष्ठभागावर पाण्याचे रेणू चिकटून राहतात. हायड्रोजन क्लोराईड किंवा हायड्रोजन ब्रोमाईड त्यात विरघळताच तीव्र आम्लाचा सूक्ष्म थर तयार होतो. स्टेनलेस स्टीलचे संरक्षण त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमिअम ऑक्साईडच्या पातळ आवरणामुळे होते. क्लोराईड आयन हे आवरण जागोजागी भेदतात आणि तेथे खड्डे पडू लागतात. या क्रियेतून तयार होणारे लोहाचे क्लोराईड स्वतः आर्द्रताशोषक असल्याने ते पाणी धरून ठेवते. त्यामुळे एकदा सुरू झालेले क्षरण पुढील क्षरणाला पोषक ठरते.

बोरॉन ट्रायक्लोराईडची पाण्याशी अभिक्रिया होऊन बोरिक आम्लाचे घन कण व हायड्रोजन क्लोराईड मिळतात. टंगस्टन हेक्झाफ्लोराईडपासून टंगस्टनचे ऑक्साईड व अत्यंत घातक असा हायड्रोजन फ्लोराईड तयार होतो. हे घन कण नियामकाच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या बैठकीवर अडकले, की झडप पूर्ण बंद होत नाही आणि पुढील वाहिनीतील दाब हळूहळू वाढत जातो. अशा रीतीने सुरुवातीला केवळ शुद्धतेचा वाटणारा प्रश्न कालांतराने गळतीचा, म्हणजेच सुरक्षिततेचा प्रश्न बनतो.

या कारणास्तव वाहिनीसाठी कमी कार्बन असलेले ३१६ एल प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरतात आणि त्याचा आतील पृष्ठभाग विद्युत्‌-रासायनिक पद्धतीने गुळगुळीत करतात. गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी कमी साठते व लवकर निघून जाते. नियामकातील ज्या भागांना सर्वाधिक झीज सोसावी लागते, ते निकेल किंवा हॅस्टेलॉयसारख्या निकेल-मिश्रधातूचे असतात. तथापि महागडा मिश्रधातू हा कोरडेपणाला पर्याय नव्हे. तो केवळ चुकांना थोडी अधिक मुदत देतो.

४. दाब, तापमान आणि द्रवीभवन

यांपैकी बहुतेक वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतात. २० अंश सेल्सिअसला हायड्रोजन क्लोराईडचा बाष्पदाब सुमारे ४२ बार, तर क्लोरीनचा सुमारे ७ बार असतो. बोरॉन ट्रायक्लोराईडचा उत्कलनबिंदू सुमारे १२.५ अंश असल्यामुळे त्याचा दाब वातावरणीय दाबापेक्षा किंचितच जास्त असतो. या फरकामुळे प्रत्येक वायूच्या वाहिनीची रचना वेगळी करावी लागते.

हायड्रोजन क्लोराईडचा दाब ४२ बारवरून एकदम दोन-तीन बारपर्यंत उतरविला, तर प्रसरणामुळे वायू बराच थंड होतो. नियामकाच्या आत द्रवाचे थेंब निर्माण होऊ शकतात आणि वायूतील अल्पशी आर्द्रताही त्या थेंबांत एकवटते. म्हणून दाब दोन टप्प्यांत कमी करतात आणि आवश्यक तेथे नियामकाला सौम्य उष्णता देतात. बोरॉन ट्रायक्लोराईड व टंगस्टन हेक्झाफ्लोराईड यांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. सिलिंडरपेक्षा नळीचा एखादा भाग थंड असला, तर वायू तेथेच पुन्हा द्रवरूप होतो. यासाठी सिलिंडरपासून यंत्राकडे जाताना तापमान चढते राहील, उतरणार नाही, अशी व्यवस्था करतात.

द्रव असेपर्यंत सिलिंडरमधील दाब जवळजवळ स्थिर राहतो. म्हणून दाबमापकावरून शिल्लक वायूचे प्रमाण कळत नाही. ते वजनावरूनच कळते. याला आणखी एक महत्त्व आहे. हायड्रोजन क्लोराईडच्या सिलिंडरमध्ये पाणी बाष्पापेक्षा द्रवात अधिक राहते. जसजसा वायू काढला जातो, तसतसे उरलेल्या द्रवातील पाण्याचे प्रमाण वाढत जाते. शेवटचा थोडा भाग न वापरता सिलिंडर परत पाठविण्याची प्रथा म्हणूनच उधळपट्टी नसून दक्षता आहे.

वायू जलद काढल्यास बाष्पीभवनामुळे सिलिंडर थंड पडतो व प्रवाह मंदावतो. अशा वेळी सिलिंडरला थेट ज्योत वा गरम पाणी देण्याचा मोह घातक ठरतो. क्लोरीन सिलिंडरवरील वितळणारी सुरक्षा-गुडदी सुमारे ७० ते ७४ अंशांना वितळते आणि मग वायू रोखता येत नाही. अधिक प्रवाह हवा असल्यास जादा सिलिंडर जोडणे किंवा स्वतंत्र बाष्पित्र बसविणे हाच मार्ग आहे.

५. सिलिंडर बदलण्याची वेळ

वाहिनी अखंड बंद असताना तिच्यात आर्द्रता शिरण्यास वाव फार कमी असतो. सिलिंडर बदलताना मात्र जोडनळी काही काळ उघडी पडते. २८ अंश तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या कोकण किनाऱ्यावरील पावसाळी हवेत दहा लाख भागांत सुमारे ३२,००० भाग पाण्याची वाफ असते. उलट या वायूंमध्ये अपेक्षित आर्द्रता दहा लाखांत एखाद्या भागाच्या आसपास असते. क्षणभराची निष्काळजीही किती महाग पडू शकते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

यावरचा उपाय म्हणजे कोरड्या नायट्रोजनने जोडनळी वारंवार भरणे व रिकामी करणे. समजा, नळीत ७ बार निरपेक्ष दाबापर्यंत नायट्रोजन भरून तो १ बारपर्यंत सोडला, तर मूळ वायूचा एक-सप्तमांश भाग उरतो. तीन आवर्तनांनंतर ३४३ वा आणि दहा आवर्तनांनंतर सुमारे २८ कोटींवा भाग शिल्लक राहतो. नायट्रोजन नुसता वाहता ठेवला, तर तो नळीच्या बंद कोपऱ्यांत पोहोचत नाही. दाबाच्या चढउतारात मात्र ते कोपरेही प्रत्येक वेळी भरतात व रिकामे होतात.

हे गणित पोकळीतील वायूला लागू पडते. भिंतीला चिकटलेल्या पाण्याला नाही. ते पाणी सावकाश सुटते. त्यासाठी निर्वात, उष्णता आणि मुख्यतः वेळ द्यावा लागतो. कागदावर दहा आवर्तने पुरेशी दिसली, तरी प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक केली जातात, ती याच कारणाने.

ही क्रिया दोनदा करावी लागते. जोड सोडण्यापूर्वी ती कामगाराला विषारी वायूपासून वाचविते, तर नवा सिलिंडर जोडल्यानंतर, परंतु त्याची झडप उघडण्यापूर्वी, ती वाहिनीला पाण्यापासून वाचविते. पहिली सहसा टाळली जात नाही, कारण तिचा धोका नाकाला जाणवतो. दुसरी उत्पादनाच्या घाईत आखडती घेतली जाते, कारण तिचे दुष्परिणाम काही आठवड्यांनी दिसतात. या कामासाठी नायट्रोजनचा स्वतंत्र सिलिंडर ठेवणेही आवश्यक असते. कारखान्याच्या सामाईक नायट्रोजन-वाहिनीला जोड दिल्यास, उलट प्रवाह झाल्यावर क्षरणकारी वायू सर्वत्र पसरू शकतो.

६. उलट प्रवाह

हायड्रोजन क्लोराईड स्वतःच्या आकारमानाच्या तुलनेत अत्यल्प पाण्यात विरघळतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील सुप्रसिद्ध ‘कारंज्याचा प्रयोग’ याच गुणधर्मावर आधारलेला आहे. वायू पाण्यात वा जलीय द्रावणात सोडला जात असताना सिलिंडरचा प्रवाह थांबला, तर उद्योगातही तेच कारंजे घडते आणि पाणी नळीतून मागे, प्रसंगी सिलिंडरपर्यंत, ओढले जाते. सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यास पोलाद आतून झिजू लागते व हायड्रोजन वायू निर्माण होऊन दाब वाढतो. एकदिश झडप ही येथे आवश्यक असली, तरी तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही, कारण क्षरणाने तीच प्रथम निकामी होते. म्हणून मागे येणारा सर्व द्रव सामावेल एवढे रिकामे पात्र मध्ये बसवितात आणि निर्वात निर्माण होताच नायट्रोजन आत सोडणारी व्यवस्था ठेवतात.

७. गळती व मानवी सुरक्षा

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने जीविताला तात्काळ धोकादायक मानलेली पातळी क्लोरीनसाठी दहा लाखांत १० भाग व हायड्रोजन क्लोराईडसाठी ५० भाग आहे. त्यामुळे सिलिंडर हवा खेचून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात ठेवतात, आणि ती हवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून धुऊन मगच बाहेर सोडतात. सिलिंडरच्या मुखाशी बसविलेले अतिसूक्ष्म छिद्र नळी तुटली तरी प्रवाह मर्यादित ठेवते.

क्लोरीनची बारीक गळती शोधण्यासाठी अमोनियाच्या द्रावणाची वाफ जोडाजवळ नेतात. गळती असल्यास अमोनिअम क्लोराईडचा पांढरा धूर दिसतो. मात्र गळणाऱ्या जागी पाणी मारणे सर्वथा वर्ज्य आहे. पाण्याने तयार झालेले आम्ल छिद्र मोठे करते आणि गळती वाढवते. आग विझविण्याच्या सवयीतून सुचणारी ही कृती येथे अपघाताला हातभार लावते.

भारतात दाबाखालील सिलिंडरांची भरणी, साठवण व वाहतूक यांचे नियमन गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार होते. त्याची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे. नियम साधनांची किमान पात्रता ठरवितात; परंतु जोड सुटण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर दिला जाणारा वेळ शेवटी काम करणाऱ्याच्या व त्याच्या पर्यवेक्षकाच्या हाती असतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की क्षरणकारी वायूंच्या वहनातील बहुतेक उपाय एकाच सूत्रात गुंफलेले आहेत : वायू कोरडा ठेवणे, तो वाटेत द्रवरूप होऊ न देणे आणि पाण्याला मागच्या दाराने प्रवेश न देणे. धातूची निवड, नियामकाची रचना व नायट्रोजनची आवर्तने ही या सूत्राचीच वेगवेगळी रूपे होत. लिटमसचा प्रयोग शिकविताना हा दुवा दाखविला, तर उद्या कारखान्यात सिलिंडर बदलणाऱ्या विद्यार्थ्याला नायट्रोजनसाठी घालविलेली मिनिटे वाया गेली, असे वाटणार नाही.