घरचे मलम : कुठे लावावे, कुठे लावू नये



थंडी पडली की आमच्या विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत टाचांच्या भेगांचा विषय निघतोच. धुणीभांडी करणाऱ्या, झाडूकाम करणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या आपल्या माय-बहिणींचे हातपाय बघा. साबण, सोडा आणि सिमेंट कातडीतले तेल ओढून घेतात. कातडी कोरडी पडते, तडकते आणि त्या चिरेतून जंतू आत शिरतात. त्यामुळे हातापायाला मलम लावणे हा नट्टापट्टा नव्हे, राबणाऱ्या माणसाची ती गरज आहे. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांचे एक प्रकरणच आहे. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूंच्या पायांना भेगा पडल्या तेव्हा भगवान बुद्धांनी पायाला मलम लावण्याची परवानगी दिली, अशी त्यात नोंद आहे.

असे मलम आपल्याला घरी करता येते.

साहित्य : १०० ग्रॅम खोबरेल तेल, २० ग्रॅम मधमाशीचे मेण आणि सावलीत कडकडीत वाळवलेला मूठभर कडुलिंबाचा पाला. मेण काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. मेणबत्तीचे मेण वापरू नका.

कृती : पातेल्यात पाणी तापवा. त्यात स्टीलचा डबा ठेवून डब्यात तेल आणि पाला घाला. मंद आचेवर तासभर ठेवा. तेलाचा डबा थेट गॅसवर ठेवू नका आणि पातेल्यातले पाणी आटू देऊ नका. मग कोरड्या सुती फडक्यातून तेल गाळा, पुन्हा त्याच डब्यात घेऊन मेण किसून टाका. मेण विरघळले की थेंबभर मलम थंड चमच्यावर घेऊन बघा. पातळ वाटले तर थोडे मेण वाढवा, फार घट्ट वाटले तर तेल. कोरड्या बरणीत ओता, थंड झाल्यावर झाकण लावा आणि वर तारीख लिहा. पाण्याचा थेंब गेला तरी बुरशी धरते, म्हणून ओला पाला घालायचा नाही आणि ओला हात बरणीत घालायचा नाही. तीन महिन्यांत संपवा. खवट वास आला तर फेकून द्या.

लावायचे कसे? मलम कातडीला पाणी देत नाही, आहे तो ओलावा धरून ठेवते. म्हणून आंघोळीनंतर अंग टिपले की लगेच लावा. टाचांसाठी रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवा, टिपून मलम चोळा आणि मोजे घालून झोपा. मधुमेह असलेल्यांनी पाय शेकू नयेत, भिजवत ठेवू नयेत. रोज तळपाय बघावेत आणि भेग किंवा जखम दिसली तर दवाखाना गाठावा. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर ते तुमच्यासाठी नाही. तान्ह्या बाळाला लावू नका. कोकणातल्या भगिनींना मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, माहीत असेलच. भेगांवर तेही चांगले.

आता मलम कुठे लावू नये ते सांगते. त्यात माझी एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी एका ताईंच्या कोपराजवळ फिकट चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. त्यांनी मला विचारले. मी घाईत होते. म्हटले, "कोरडेपणा असेल ताई, मलम लावा." त्या कितीतरी महिने नेमाने लावत राहिल्या. एक दिवस गरम तवा लागून त्यांची करंगळी भाजली आणि त्यांना कळलेसुद्धा नाही. तपासणीत कुष्ठरोग निघाला. सरकारी दवाखान्यातल्या मोफत गोळ्यांनी आजार पूर्ण बरा झाला, पण करंगळी वाकडी झाली ती तशीच राहिली. चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवून "कळते का?" विचारायला एक मिनिट लागते. नर्सिंग शिकलेल्या मी ते एक मिनिट दिले नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा :

फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. आशाताईंना सांगितले तरी चालेल. कुष्ठरोग कोणत्याही पापाची शिक्षा नाही. तो जंतूंमुळे होतो आणि औषधाने बरा होतो.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात पुरळ आणि घरात दोघा-तिघांना तोच त्रास असेल तर ती खरूज समजा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे लागते, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

गोल कडेचा, खाजणारा नायटा बुरशीमुळे होतो. तो घरच्या मलमाने जात नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबने तर तो बिघडतो. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, आपल्याला वाटते बरे झाले, आणि आत नायटा पसरत राहतो. तीच ट्यूब गोरेपणासाठी तोंडाला लावली तर कातडी पातळ पडते, मुरुमे येतात, बारीक लाल शिरा दिसू लागतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलेले दिसले तर स्वतःच्या मनाने लावू नका. मुलीचा सावळा रंग हा आजार नाही, त्याला मलम लागत नाही.

ताज्या भाजलेल्या जागेवरही तेल, मलम, हळद काही नको. वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा.

कोणत्याही दुखण्यावर दोन आठवडे मलम लावून फरक पडला नाही, तर बरणी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या बैठकीत मलम करायला बसाल तेव्हा तेल तापेपर्यंत तासभर वेळ असतोच. तेवढ्यात एकमेकींचे हातपाय उजेडात बघा आणि कापसाचा बोळा जवळ ठेवा.