फॅरोंच्या काळातलं इनामगाव

इनामगावच्या उत्खननात प्रौढ माणसांचे जे सांगाडे निघाले, त्यांतल्या बहुतेकांना घोट्यांखालचे पाय नाहीत. काळाच्या ओघात ते झिजून गेलेले नाहीत, पुरण्यापूर्वी तोडलेले आहेत. देह उताणा, सरळ ठेवलेला, डोकं उत्तरेला, शेजारी मातीची भांडी, आणि खड्डा बऱ्याचदा घराच्या जमिनीतच खणलेला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी राहणारे हे शेतकरी मेलेल्या माणसाला वस्तीपासून लांब नेत नव्हते. जिथे तो जगला, तिथल्याच भुईखाली त्याला ठेवत होते. तिथून उठून त्याने भटकत जाऊ नये म्हणून त्याचे पाय तोडत असावेत, असा अर्थ पुरातत्त्वज्ञांनी लावला आहे.

याच शतकांत नाईलच्या काठी नेमकं उलट चाललं होतं. इजिप्तमध्ये मेलेल्याचा देह अखंड राहावा म्हणून सत्तर दिवस खपत. आतडी, यकृत, फुप्फुसं, जठर काढून वेगळ्या भांड्यांत ठेवायचं, हृदय मात्र जागेवर राहू द्यायचं, कारण परलोकात त्याचा न्याय व्हायचा तो हृदयाच्या वजनावर. तराजूच्या एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचं पीस. मग नेट्रॉन नावाच्या खनिज क्षारात देह सुकवायचा, तागाच्या नव्हे तर जवसाच्या धाग्याच्या कापडात गुंडाळायचा. आत्म्याला परत यायला घर लागतं, आणि ते घर म्हणजे देह, ही त्यामागची श्रद्धा. एका समाजाला मेलेल्याने परतावं असं वाटत होतं, दुसऱ्याला त्याने जाऊच नये असं. मृत्यूनंतर माणूस उरतो, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

काळाचा मेळ नीट लावला पाहिजे. इनामगावात वस्ती झाली ती इ.स.पू. १६०० च्या सुमारास. तेव्हा इजिप्तचा राजा खुफू याचा महापिरॅमिड बांधून हजारएक वर्षं होत आली होती, इजिप्तमध्येही तो प्राचीन वास्तू म्हणूनच पाहिला जात होता. इनामगावचा पहिला टप्पा माळवा संस्कृतीचा. इ.स.पू. १४०० च्या आसपास जोर्वे संस्कृतीचा काळ सुरू होतो. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी काळ्या नक्षीची लाल भांडी प्रथम सापडली, म्हणून हे नाव. पूर्व जोर्वे काळ इ.स.पू. १००० पर्यंत आणि उत्तर जोर्वे काळ इ.स.पू. ७०० पर्यंत चालला. म्हणजे इजिप्तमध्ये राजा आखेनातेन सूर्याची एकेश्वरी पूजा लादत होता, त्याच्यानंतर कोवळा तुतनखामेन गादीवर आला, दुसरा रामसेस कादेशच्या लढाईत उतरला, त्या साऱ्या काळात इनामगावात भातुकलीएवढ्या लहानशा जगाची रोजची उठाठेव शांतपणे चालू होती. पेरणी, मळणी, भांडी भाजणं, पोरं सांभाळणं.

हे सगळं आपल्याला कळलं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजमुळे. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम इथे खोदकाम झालं. एका खड्ड्यातून खाली खाली जाऊन थर मोजण्याची जुनी रीत बाजूला ठेवून त्यांनी आडवं, विस्तृत उत्खनन केलं. त्यामुळे सुटी खापरं न मिळता एक आख्खं गाव उघडं झालं: शंभराहून अधिक घरं, दोनशेहून अधिक दफनं, भट्ट्या, चुली, धान्याची पेवं. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंतावर काम करणारा अशा कारागिरांची घरं पश्चिमेच्या कडेला होती आणि सधन शेतकऱ्यांची मध्यभागी. १९८८ साली या उत्खननाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. भारतातल्या ताम्रपाषाणयुगीन खेड्याची इतकी जवळून ओळख करून देणारं दुसरं काम क्वचितच सापडेल.

तुतनखामेनची कबर पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडली आणि ती रिकामी करायला सुमारे दहा वर्षं लागली. पाच हजारांहून अधिक वस्तू, आणि सगळ्यांत आतली शवपेटी भरीव सोन्याची. इनामगावात सोन्याचे मणी मिळाले ते मोजकेच. तांबंसुद्धा दुर्मीळ, रोजच्या कापाकापीला गारगोटीच्या जातीच्या दगडाची पातीच वापरात होती. सोन्याच्या वजनावर तुलना करायची तर ती इथेच संपते. पण तशी तुलनाच चुकीची आहे. राजाच्या कबरीशी शेतकऱ्याचं घर तोलायचं नसतं.

तरीही इनामगावात एक दफन असं आहे, की ज्याच्याजवळ थांबावंच लागतं. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर होतं, गावातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. या घराच्या अंगणात चार पायांचा, पोटाला फुगीर, कच्च्या मातीचा मोठा रांजण पुरलेला होता. त्यात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय तोडलेले नव्हते. गावाचं धान्य ज्याच्या हाती, तो हा गावप्रमुख असावा, असं ढवळीकरांनी मांडलं. त्याच्यासोबत ठेवलेल्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे. तुतनखामेनच्या कबरीत होड्यांच्या पस्तीस प्रतिकृती होत्या, आणि खुफूच्या पिरॅमिडशेजारी १९५४ साली त्रेचाळीस मीटरहून लांब खरीखुरी लाकडी नौका निघाली. मेलेल्याला पाणी ओलांडून जायचं असतं ही कल्पना नदीकाठच्या माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी आपापली सुचलेली दिसते. इजिप्तशी इनामगावचं येणंजाणं होतं असा कोणताही पुरावा नाही, आणि तसा तो ओढून आणण्याची गरजही नाही.

सर्वांत जास्त दफनं लहान मुलांची आहेत. दोन घट आडवे ठेवायचे, तोंडाला तोंड लावून, आणि त्यांच्या आत बाळ. हा जोडघट घराच्या जमिनीखाली पुरायचा, सोबत छोटी भांडी ठेवायची. उत्खननात अशा घटांमागून घट निघत गेले. जन्मलेली किती मुलं हाताशी लागत आणि किती जात, याचा हिशोब त्या घरांच्या जमिनीतच लिहिलेला होता. सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्युकाक्स यांनी या सांगाड्यांचा अभ्यास करून १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. दुधाच्या दातांवरच्या आवरणात राहिलेल्या खड्ड्यांवरून बाळाच्या वाढीत कधी अडथळा आला, हे त्यांनी शोधून काढलं. दात तयार होत असताना उपासमार झाली किंवा आजार झाला, तर ती खूण कायमची राहते.

आणि हेच दुःख नाईलकाठी राजालाही चुकलेलं नव्हतं. तुतनखामेनच्या कबरीत दोन छोट्या शवपेट्या मिळाल्या. त्यांत दोन मुली होत्या, दिवस पूर्ण होण्याआधी किंवा जन्मतःच गेलेल्या. त्यांचीही ममी केलेली होती. राजाला याशिवाय अपत्य झाल्याचं दिसत नाही, आणि तो स्वतः विशीच्या आतच मरण पावला. साध्या इजिप्शियन माणसाची तर इनामगावकराशी गाठच पडते. फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाला १८८९-९० मध्ये लाहून इथल्या कामगारवस्तीत घरांच्या जमिनीखाली लाकडी पेट्या मिळाल्या, त्यांत तान्ही मुलं होती. पेटी असो की घट, आईने बाळ घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

बाळ जगावं म्हणून दोन्हीकडे देव होते. राजकबरी खोदणाऱ्या कारागिरांचं देर अल-मदीना आणि आखेनातेनची राजधानी अमार्ना इथल्या घरांत बेस नावाचा बुटका देव आणि पाणघोडीच्या रूपातली तावेरेत देवी बाळंतिणीच्या राखणीला असत. या राजांच्या भव्य देवळांतल्या देवता नव्हत्या, घरातल्या होत्या. इनामगावात एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी पुरलेली सापडली. पेटीत एक स्त्रीमूर्ती, आणि वर एक मस्तकहीन स्त्रीमूर्ती व एक बैल. तिन्ही कच्च्या मातीचे. मस्तकहीन मूर्ती काडीने बैलाच्या पाठीवर बसवता येते. मुलांचं रक्षण करणारी देवता म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं आहे. शिरूर-दौंडच्या घरांत आजही बाळाची पाचवी होते आणि सटवाई पुजली जाते. त्या मूर्तीपासून सटवाईपर्यंत सरळ रेघ ओढता येणार नाही, पण ज्या भीतीतून ही पूजा येते ती भीती तीच आहे.

इजिप्तमधली खरी समकालीन साधी माणसं पाहायची तर अमार्नाच्या दक्षिणेकडची दफनभूमी पाहावी. आखेनातेनने नवी राजधानी वसवली, तिथे राबणाऱ्या साध्या माणसांना वाळूतल्या खड्ड्यांत, कापडात आणि चटईत गुंडाळून पुरलं होतं. २००६ ते २०१३ या काळात तिथे उत्खनन झालं. खुंटलेली वाढ, रक्तक्षयाच्या खुणा, जड ओझ्याने दुखावलेले कणे आणि तरुणपणीच आलेलं मरण असं चित्र या हाडांनी समोर ठेवलं. राजधानीतल्या भिंतींवर मात्र देवाच्या नैवेद्याची भरगच्च ताटं रंगवलेली होती. इनामगावचा शेतकरी या मजुराहून फार सुखी होता असं म्हणता येत नाही. पण त्याच्या डोक्यावर राजधानी उभारण्याचं ओझं नव्हतं, आणि दोघांचं आयुष्य हाडांतून वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

दोघांच्या ताटातही साम्य होतं. इनामगावचं मुख्य पीक सातू. त्याच्या जोडीला गहू, कडधान्यं, तीळ, शिवाय बोरं, जांभळं, आवळे. गुरं, शेळ्या-मेंढ्या होत्याच, नदीतले मासे आणि माळावरची हरणंही होती. धान्य साठवायला जमिनीत चुन्याने लिंपलेली पेवं आणि घरात कणगी. इजिप्तमध्ये सातू आणि खपली गहू यांवर सारं चालायचं. भाकरी आणि बिअर त्यांचीच, मजुरी त्यांच्याच मापांत, सरकारी साराही धान्यातच. तीच खपली आज सांगली-सातारा भागात मधुमेहासाठी चांगली म्हणून आवर्जून विकत घेतली जाते. इजिप्तचं सुप्रसिद्ध कापड जवसाच्या धाग्याचं, आणि घोड नदीवरच्याच चांडोलीत १९६० च्या उत्खननात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, तिचा दोराही जवसाच्या तंतूंचा होता. भीमेकाठी वाळकीला याच संस्कृतीची एक छोटी शेतवस्ती उजेडात आली. इनामगावसारखं मोठं गाव आणि त्याच्या आसपास अशा वाड्या, ही रचना आजच्या शिरूर-दौंडला नवी नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र दोन नद्यांचा स्वभाव वेगळा. नाईलचा पूर शेतात शिरायचा, गाळ पसरवून ओसरायचा, मग पेरणी. पुराचं पाणी बांध घालून शेतांत अडवून धरलं जाई. ‘नवं राज्य’ म्हणतात त्या, आखेनातेन-रामसेसच्या काळात लांब दांड्याच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला बादली बांधून पाणी उपसण्याची युक्तीही आली. शिरूर-दौंड म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा. इथे नदी स्वतःहून शेतात येत नाही. पूर्व जोर्वे काळात इनामगावकरांनी दगडमातीचा बांध घालून आणि पाट खणून घोडचं पुराचं पाणी वळवलं होतं. एवढं काम एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नाही. माणसं जमवणारं, काम वाटून देणारं कोणीतरी होतं, आणि पाच खोल्यांच्या घरातला तो पुरुष इथे पुन्हा आठवतो.

नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबरात पडणाऱ्या पावसाचा. भीमा-घोडचं पाणीही त्याच महिन्यांतलं, मोसमी वाऱ्यांनी आणलेलं. पाऊस हटला की दोन्हीकडे हाल. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, देर अल-मदीनातल्या राजकबरी खोदणाऱ्या कारागिरांना धान्य वेळेवर मिळेना. त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळांपाशी जाऊन बसले. लिखित पुरावा असलेला हा जगातला सर्वांत जुना संप मानला जातो. पुढच्या दशकांत इजिप्तमध्ये धान्य महागत गेलं, आणि इ.स.पू. १०७० च्या सुमारास नवं राज्य मोडलं. त्यानंतर शंभरेक वर्षांच्या आतच इनामगावचं रूप बदललं. ढवळीकरांच्या मते याचं कारण वाढता कोरडेपणा. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवर भर वाढला, भांड्यांची कारागिरी उतरली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास माणसं गाव सोडून गेली.

इनामगावचं नसलं तरी भारताचं इजिप्तशी नातं होतं. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत काळी मिरी मिळाली आहे. मिरी दक्षिण भारतातली. इ.स.पू. १२१३ मध्ये राजा वारला, म्हणजे तेव्हाही आपल्या देशातला माल कोणत्या ना कोणत्या वाटेने नाईलपर्यंत पोचत होता. घोडकाठच्या शेतकऱ्याला त्याची खबरही नसेल.

शाळेच्या पुस्तकात पिरॅमिड येतात, ममी येतात, आणि ती यायलाच हवीत. पण शिरूर आणि दौंडच्या शाळांनी इजिप्तचा धडा शिकवताना इनामगावचं नाव घेतलंच पाहिजे, आणि सहलीच्या यादीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं संग्रहालय घातलंच पाहिजे. इनामगावच्या वस्तू तिथे पाहायला मिळतात. आणि घोड, भीमा, मुळा-मुठेच्या काठी शेत करणाऱ्यांना एक विनंती: नांगरताना किंवा सपाटीकरणाच्या वेळी काळ्या नक्षीचं लाल खापर, राखेचा थर किंवा तोंडाला तोंड लावलेले घट दिसले, तर तिथलं काम थांबवा आणि तलाठ्याला, पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा.