आधी मैदान, मग वर्ग

बॉस्टनजवळ रँडॉल्फ इथं स्वमग्न मुलांची एक शाळा आहे, बॉस्टन हिगाशी. इथं रोज धावणं होतं. एकेकट्यानं नव्हे, सगळ्यांनी मिळून, आणि शिक्षकांनीही. आपल्याकडे पी.टी.चा तास गणिताला देऊन टाकायची पद्धत. इथं शारीरिक शिक्षण हा अभ्यासक्रमाचा कणा आहे.

शाळेचं मूळ टोकियोत आहे. कियो किताहारा या शिक्षिकेनं १९६४ साली मुसाशिनो भागात एक बालवाडी काढली. ती काही खास मुलांसाठी नव्हती. पण स्वमग्न मूल आलं आणि बाईंनी त्याला ठेवून घेतलं. तो काळ मुलाच्या स्वमग्नतेचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडण्याचा होता. (त्याच वर्षी अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, या समजाला पुस्तक लिहून सुरुंग लावला.) किताहाराबाई दोष कुणाचा या वादात रमल्या नाहीत. मूल दिवस कसा काढतं, झोपतं कधी, जेवतं कसं, कशानं बिथरतं, हे त्यांनी पाहिलं. त्यातून उभ्या राहिलेल्या पद्धतीला त्यांनी ‘दैनंदिन जीवनोपचार’ म्हटलं. तिचे आधार तीन: भरपूर व्यायाम, भावनिक स्थैर्य आणि बुद्धीला चालना. १९८७ मध्ये ही पद्धत बॉस्टनला पोचली.

मला यात सगळ्यात रस वाटतो तो एकचाकी सायकलीत. जपानी प्राथमिक शाळांच्या मैदानावर ती सर्रास दिसते. हिगाशीनं ती स्वमग्न मुलांच्या हाती दिली. आधी कठड्याला धरून नुसतं बसायचं. मग शिक्षकाचा हात धरून एक फेरा. पडायचं, पुन्हा चढायचं. सूचनांचा भडिमार नाही; शिक्षक करून दाखवतो, मूल पाहून करतं. बोललेलं चटकन उमगत नाही अशा मुलाला हे फार सोयीचं. आणि तोल सावरला की नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. ‘शाब्बास’ म्हणण्याआधीच मुलाला ते कळलेलं असतं. भीती वाटली, तरी थांबलो नाही आणि जमलं, हा अनुभव चेहऱ्यांची चित्रं दाखवून ‘हा राग, हा आनंद’ असं घोकून घेण्यानं येत नाही.

धावण्याचं काम वेगळं. अंगातली अस्वस्थता त्रागा करून, स्वतःला चावून बाहेर पडण्याऐवजी घामावाटे निघते, रात्री झोप लागते. शिवाय पुढच्याच्या पाठीवर आदळायचं नाही, मागंही पडायचं नाही, म्हणजे दुसऱ्याची दखल घेणं आपसूक आलं.

संशोधन काय म्हणतं? १९८४ साली अमेरिकेत केर्न आणि सहकाऱ्यांनी दोन व्यायामांची तुलना केली. पंधरा मिनिटं दमदार धावल्यानंतर मुलांच्या त्याच त्या हालचाली कमी झाल्या. चेंडूच्या हलक्या खेळानं फारसा फरक पडला नाही. अलीकडे हाँगकाँगमध्ये बारा आठवड्यांच्या जॉगिंगनंतर मुलांचं भावनांवरचं नियंत्रण सुधारल्याचं आढळलं. पण मुलं तीसहूनही कमी होती. आणि हिगाशीच्या संपूर्ण पद्धतीची पारख करणारं भक्कम संशोधन फारच तोकडं आहे. ब्रिटनमधूनही पालकांनी मुलांना बॉस्टनला धाडलं, ते पुराव्यापेक्षा आशेवर.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. सगळ्यांनी एका तालात, एकाच वेळी, एकसारखं करायचं, यात शिस्त कुठं संपते आणि दडपण कुठं सुरू होतं? हात फडफडवून मूल स्वतःला शांत करत असेल, तर ती सवय मोडण्यासाठी त्याला धाववणं ही मुलाची सोय नव्हे, आपली. अनेक स्वमग्न प्रौढ आज हेच सांगत आहेत. शिट्टीचा कर्कश आवाज, मैदानातला गोंगाट, अंगाला टोचणारा गणवेश यांनी कासावीस होणाऱ्या मुलाला व्यायाम ही शिक्षाच वाटेल.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे कागदोपत्री शाळेचं दार उघडं आहे. तुमच्या शाळेत पी.टी.च्या तासाला असं मूल कडेला बसवून ठेवलेलं दिसलं, तर क्रीडाशिक्षकांशी जरूर बोला. शिट्टीऐवजी हाताची खूण, रोज तीच वेळ, तोच मार्ग आणि बरोबर धावणारा एक सवंगडी. एवढ्याला ना निधी लागतो, ना सरकारी परवानगी.