संगणकाशी बुद्धिबळ : डावाच्या आरंभात वैविध्य कसे आणावे?

बुद्धिबळास दोन खेळाडू लागतात, आणि तोलामोलाचा सोबती न मिळणे ही खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांची जुनी अडचण आहे. अकोले किंवा जामखेड तालुक्यातील लहानशा गावी राहणाऱ्या मुलास आज संगणक अथवा मोबाईल हाच सोबती होऊ शकतो. हा सोबती कधी थकत नाही, हे खरे. परंतु त्याची एक सवय अभ्यासास घातक आहे. ती कोणती व तिजवर उपाय काय, याचा येथे विचार करू.

संगणक प्रत्येक खेळी गणिताने ठरवितो. पटावरील मांडणी तीच आणि विचारास दिलेला अवधीही तितकाच असला, म्हणजे उत्तरही बहुधा तेच येते. आपण राजापुढील प्यादे दोन घरे सरकविले की तो पुनःपुन्हा एकच प्रत्युत्तर देऊ लागतो. थोड्याच दिवसांत पहिल्या सातआठ खेळ्या विद्यार्थ्यास मुखोद्गत होतात व आपण प्रवीण झालो असे त्यास वाटू लागते. पुढे शालेय स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने निराळेच प्यादे पुढे केले, म्हणजे ते सारे पाठांतर व्यर्थ जाते. आणि घड्याळ तर चालूच असते.

वस्तुतः आरंभीचे मार्ग पुष्कळ आहेत. पांढऱ्यास पहिल्या खेळीचे २० पर्याय असतात : १६ प्याद्यांचे व ४ घोड्यांचे. काळ्यासही तितकेच, म्हणून उभयतांच्या एकेका खेळीनंतर ४०० निरनिराळ्या मांडण्या संभवतात. आरंभांचा हा विस्तार आटोक्यात यावा म्हणून तज्ज्ञांनी त्यांचे ५०० वर्ग पाडले आहेत. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीचा खेळ शिकून वाढले; त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीस दोन घरे जात नसे. विलायतेत त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले, तरी डावाचा आरंभ हाच त्यांच्या खेळातील दुबळा भाग मानला जाई. त्यांनी ती उणीव असामान्य प्रतिभेने भरून काढली. आपणांस ती अभ्यासानेच भरून काढावी लागेल.

यावरील उपायास ‘ओपनिंग बुक’ म्हणतात. हे पुस्तक कागदाचे नसून खेळ्यांचा कोश असते. प्रत्येक मांडणीपुढे योग्य खेळ्या व प्रत्येक खेळीचे वजन त्यात नोंदलेले असते. उदाहरणार्थ, राजापुढील प्याद्यास उत्तर म्हणून समोरच्याच प्याद्यास ४०, सिसिलियन बचावास ३०, फ्रेंच बचावास २० व कारो-कान बचावास १० असे वजन दिले, तर संगणक चिठ्ठी उचलल्याप्रमाणे त्या प्रमाणात निवड करील. ‘पॉलिग्लॉट’ ही अशा कोशाची प्रचलित रचना होय. ‘स्टॉकफिश’ हे विख्यात इंजिन स्वतःजवळ असा कोश बाळगीत नाही. तो ‘अरेना’ किंवा ‘लुकास चेस’ यांसारख्या पट दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडावा लागतो.

ही सोय नसेल, तर पाच आरंभ पाच चिठ्ठ्यांवर लिहून एक उचलावी, तेवढ्या खेळ्या हाताने मांडाव्या आणि तेथून पुढे संगणकास खेळू द्यावे. घरच्या लाकडी पटावर, वडील भावंडांबरोबरही ही युक्ती चालते.

मात्र वैविध्याचाही अतिरेक नसावा. रोज नवा आरंभ घेतल्यास एकही अंगी मुरत नाही. महिन्यास दोनच आरंभ घ्यावे, कोश सहाआठ खेळ्यांवर संपवावा, आणि डाव संपल्यावर आपली पहिली चूक कोठे झाली व का झाली, हे वहीत लिहावे. पालकांनीही ‘जिंकलास का?’ इतकेच न विचारता ‘आज समोरून कोणती नवी खेळी आली?’ असे विचारावे.

आपल्याच जिल्ह्यातील शार्दुल गागरे यांनी २०१६ साली ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली, आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. विद्यार्थिमित्रहो, त्या वाटेवर पाऊल टाकण्याची इच्छा असेल, तर आजच सोबत्याची ही एकसुरी सवय मोडा आणि उद्याच्या अनोळखी खेळीस तोंड देण्याची तयारी करा.