एल, डबल एक्सएल आणि मापाचा ब्लाउज

मागच्या भागानंतर तुमच्या व्हॉइस नोट्स आल्या, त्यात एक प्रश्न फिरून फिरून येत होता. एकाच ॲपवरून मागवलेले दोन शर्ट, दोन्ही एल. एकात आपण पोहतोय आणि दुसऱ्याची बटणं लागत नाहीत. असं कसं?

कारण एल हे माप नाहीच, ते नुसतं नाव आहे. एल म्हणजे किती इंच, हे प्रत्येक ब्रँड आपापलं ठरवतो. अमेरिकेत 1939-40 मध्ये तिथल्या कृषी खात्याने (हो, कृषी खात्याने!) जवळपास 15,000 बायकांची प्रत्येकी 59 मापं घेतली होती. त्यावरून 1958 मध्ये प्रमाण तक्ता आला. कंपन्या तो हळूहळू पाळेनाशा झाल्या आणि 1983 मध्ये तो काढूनच टाकला. आपल्याकडे बऱ्याच ब्रँड्सचे तक्ते अमेरिका-ब्रिटनवरून आलेले. आपल्या अंगाची मापं घ्यावीत म्हणून निफ्टने 'इंडियासाइझ' हे सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह 6 शहरं, 15 ते 65 वयाची 25,000 पेक्षा जास्त माणसं, थ्रीडी स्कॅनर. पण आज रात्री तुम्ही जी ऑर्डर टाकणार आहात, तिला याचा काही उपयोग नाही.

हे मी एवढं लावून धरतोय, कारण माझ्या मामेबहिणीने एका कुर्त्याला डबल एक्सएल लागला म्हणून महिनाभर रात्रीचं जेवण सोडलं होतं. तिच्या कपाटातल्या बाकी सगळ्या कुर्त्यांवर एल होतं. वजन तेच, अंग तेच, फक्त कंपनी वेगळी. तिला कुणी तेव्हाच सांगायला हवं होतं ना?

आता उपाय. तो आपल्या आयांना कधीचा माहीत आहे. शिंप्याकडे जाताना त्या काय न्यायच्या? मापाचा ब्लाउज! नीट बसणारा जुना ब्लाउज दिला की काम झालं. ऑनलाइनलाही हेच करायचं.

तुम्हाला छान बसणारा एक शर्ट किंवा कुर्ता घ्या. बटणं लावून, सुरकुत्या काढून पलंगावर सपाट पसरा. काखेखाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत टेप धरा. 21 इंच आले? दुप्पट करा, छाती 42. मग पाठीवरून खांदा, इकडच्या शिवणीपासून तिकडच्या शिवणीपर्यंत. मग कॉलरच्या कडेपासून खालपर्यंत उंची. कुर्ता असेल तर सीटवरचा घेरही घ्या, नाहीतर बसलं की कट ताणतो. खांद्याचं माप सोडू नका. छाती सैल असली तर शिंपी आत घेतो, खांदा उतरला तर तो कपाळाला हात लावतो.

आता ॲपमधला साईज चार्ट उघडा, आणि इथे जरा थांबा. बरेच लोक इथेच फसतात. काही चार्टमध्ये अंगाचं माप असतं, काहींमध्ये तयार कपड्याचं. तुमची छाती 38 असेल तर साधा शर्ट 41-42 चा लागतो. मधले तीन-चार इंच म्हणजे शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात ते, श्वास घ्यायला आणि हात वर करायला. कपड्याच्या चार्टमध्ये 38 बघून तेच मागवलं, तर अंगाला चिकटलेला शर्ट येणार. तुमच्या मापाच्या शर्टचे आकडे कपड्याच्या चार्टशीच जुळवायचे. चार्ट अंगाचा असेल तर टेप स्वतःभोवती फिरवा, आणि पोट आत ओढू नका, कुणी बघत नाहीये. चार्ट इंचात आहे की सेंटिमीटरमध्ये, तेही बघा. 1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर.

कापडही बघा. टी-शर्टचं विणलेलं कापड ताणतं, दोनेक इंच कमी असले तरी चालून जातं. शर्टाचं साधं सुती कापड ताणत नाही, उलट धुतल्यावर आटतं. 3 टक्के आटलं तरी 28 इंचाच्या उंचीतला जवळपास पाऊण इंच गेला. जीन्सचं तर विचारूच नका. लेबलवर 32 आणि पट्टा मोजला तर 34, असं सर्रास असतं. तिथे लेबल विसरा, आपल्या जुन्या जीन्सचा पट्टा, मांडी आणि मोहरी मोजा.

फोटोखाली मॉडेलची उंची आणि तिने घातलेला साईज दिलेला असतो, तो वाचा. रिव्ह्यूमध्ये 'मस्त प्रॉडक्ट'वाले सोडून द्या. ज्यांनी स्वतःची उंची लिहिलीय आणि आरशासमोरचा फोटो टाकलाय, तेच आपल्या कामाचे.

पार्सल आलं की टॅग न तोडता घाला, हात वर करा, खाली बसा, मगच ठेवायचं की परत करायचं ते ठरवा. आणि ऑर्डर करण्याआधी रिटर्नची अट वाचा, कारण काही ठिकाणी फक्त बदलून मिळतं, पैसे परत येत नाहीत. महिन्याच्या शेवटी हॉस्टेलवर ते पाचशे रुपये अडकून बसणं कुणाला परवडतं?

माझ्या फोनच्या नोट्समध्ये शर्टचे चार आणि जीन्सचे तीन आकडे लिहून ठेवलेत. तुम्हीही सेल सुरू व्हायच्या आधी टेप शोधून ठेवा, बहुतेक आईच्या शिलाईच्या डब्यात सापडेल. पुढच्या भागात बुटांचे नंबर. भेटूया!