वरचा गिअर, कमी फेरे : पाथर्डीच्या रस्त्यावरील इंधनाचे गणित

कल्याणहून निघून अहिल्यानगर, पाथर्डी, गेवराई, परभणी, नांदेड असा पूर्वेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ अहिल्यानगर आणि पाथर्डी यांच्या दरम्यान करंजी घाट ओलांडतो. सुमारे ५० किलोमीटरच्या या टप्प्यात लांबच लांब सपाट रस्ता, घाटातील चढ-उतार आणि तिसगाव-पाथर्डीसारख्या बाजारपेठांतील गर्दी असे तिन्ही प्रकार वाहनचालकाच्या वाट्याला येतात. हाताने गिअर बदलावे लागणारी मोटार इंजिनाचे फेरे कमी ठेवून चालवली तर पेट्रोल-डिझेलची बचत होते, हा समज चालकांमध्ये सर्वत्र आढळतो व तो बऱ्याच अंशी खराही आहे. मात्र तो कोठे लागू पडतो आणि कोठे उलटतो, हे या एकाच रस्त्यावर स्पष्टपणे पाहता येते.

इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, एका मिनिटात जितक्या वेळा फिरतो त्या संख्येला फेरे प्रति मिनिट किंवा आरपीएम म्हणतात, आणि वेगदर्शकाशेजारच्या तबकडीवरील काटा हीच संख्या दाखवत असतो. एखादी लहान पेट्रोल मोटार सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने पाचव्या गिअरमध्ये चालत असेल, तर तिचे इंजिन साधारणपणे मिनिटाला १,८०० फेरे घेते; तीच मोटार त्याच वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये चालवली तर ही संख्या २,८०० च्या आसपास जाते. या वेगाने मिनिटाला एक किलोमीटर अंतर कापले जात असल्यामुळे प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे १,००० फेरे जादा होतात. वेग तोच, अंतर तेच आणि चाकांना लागणारी शक्तीही तीच असताना हे जादा फेरे प्रवाशाला तसूभरही पुढे नेत नाहीत.

मात्र हे फेरे फुकट होत नाहीत, कारण प्रत्येक फेऱ्यात पिस्टन सिलिंडरच्या भिंतींवर घासतात, बेअरिंगमधील तेल ढवळले जाते आणि झडपा, पंप यांना फिरवावे लागते. या घर्षणात खर्ची पडणारी ऊर्जा इंधनातूनच येते. पेट्रोल इंजिनात याखेरीज आणखी एक तोटा होतो. चालकाने एक्सलरेटर अर्धवट दाबला की हवेच्या वाटेतील थ्रॉटल नावाची पडदी अर्धवटच उघडते आणि चिंचोळ्या फटीतून हवा ओढून घेण्यासाठी इंजिनाला जोर लावावा लागतो. वरच्या गिअरमध्ये तोच वेग राखायचा तर एक्सलरेटर थोडा अधिक दाबावा लागतो, त्यामुळे पडदी अधिक उघडते, इंजिनाचा श्वास मोकळा होतो आणि हा तोटा घटतो. एक्सलरेटर अधिक दाबला म्हणजे इंधन अधिक जळणारच, हा समज म्हणूनच अपुरा ठरतो. डिझेल इंजिनात हवा अशी अडवून धरण्याची गरज सहसा नसल्याने तेथील बचत मुख्यतः घर्षण कमी झाल्यामुळे होते.

हे तत्त्व पाथर्डी तालुक्यातील ट्रॅक्टरचालकांना नवे नाही. आदिनाथनगर येथील वृद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याकडे उसाने भरलेली ट्रॉली ओढताना खालचा गिअर लागतो, तर रिकामी ट्रॉली घेऊन परतताना वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवली की काम भागते. इंजिनाचे फेरे त्याच्यावरील ओझ्याच्या मानाने असावेत, हे या विषयाचे सार आहे. ओझे हलके असताना फेरे वाढवणे ही उधळपट्टी आहे आणि ओझे जड असताना ते कमी ठेवणे हा इंजिनावरील जुलूम आहे.

हा जुलूम करंजी घाटाच्या चढणीवर प्रत्यक्ष जाणवतो. माणसांनी आणि सामानाने भरलेली मोटार वळणावर मंदावते, काटा १,२०० च्या खाली उतरतो, तरीही चौथा गिअर तसाच ठेवून एक्सलरेटर तळापर्यंत दाबला, तर गिअरचा दांडा हाताखाली थरथरू लागतो, बॉनेटखालून ठोकल्यासारखा आवाज येतो आणि गाडी ओढेनाशी होते. हा आवाज पेट्रोल इंजिनात बहुधा नॉकिंगचा असतो. सिलिंडरमधील मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेतो आणि त्याचा धक्का पिस्टनला बसतो. आधुनिक इंजिनातील संवेदक हे ओळखून ठिणगी उशिरा पाडतात, त्यामुळे इंजिन वाचते, पण त्याची कार्यक्षमता घसरते आणि बचतीचा हेतूच फसतो. शिवाय फेरे कमी व दाब जास्त अशा स्थितीत बेअरिंगमधील तेलाचा थर पातळ होतो आणि हादरे क्लच व गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतात. टर्बो बसवलेल्या इंजिनांबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण पुरेसे फेरे झाल्याखेरीज टर्बोचा जोर मिळत नाही. म्हणून चढणीवर थरथर सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकणे हेच इंजिनाच्या आणि खिशाच्याही हिताचे असते.

घाट उतरताना मात्र दुसरीच चूक घडते. इंधन वाचावे म्हणून काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळात या सवयीला थोडाफार आधार होता. परंतु इंधन इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण थांबवतो आणि इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. शिवाय गिअरमधून मिळणारा रोध नाहीसा झाल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. इंजिन बंद करून उतरणे तर जिवाशी खेळणे आहे, कारण तेव्हा ब्रेक आणि स्टिअरिंग या दोहोंना मिळणारी मदत नाहीशी होते.

फेऱ्यांइतकेच महत्त्व वेगाला असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास तो पावणेदोन पटींहून अधिक होतो, आणि पाचव्या गिअरमधील कमी फेऱ्यांची कमाई त्यात सहज वाहून जाते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करते ती यामुळेच. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रमाणित केलेले ॲव्हरेज प्रयोगशाळेत ठरावीक वेगक्रमाने मोजलेले असते. रंगपंचमीच्या सुमारास मढीच्या यात्रेला किंवा नवरात्रात मोहटादेवीला निघालेल्या गर्दीत अडकलेली गाडी तो आकडा गाठू शकत नाही, आणि त्यात गाडीचा दोष नसतो.

साधारण नियम सांगायचा तर सपाट रस्त्यावर पेट्रोल मोटारीचा गिअर २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान आणि डिझेलचा २,००० च्या आत वर न्यावा, आणि एकदा वेग आला की सर्वांत वरच्या गिअरमध्ये गाडी संथपणे चालू ठेवावी. परंतु काट्यावरील आकडा हा केवळ इशारा असतो. अंतिम निर्णय कानाने आणि दांड्यावरील तळहाताने घ्यायचा असतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे ध्यानात घेतल्यास तिसगावच्या सपाटीवर वेळेवर टाकलेला पाचवा गिअर आणि करंजीच्या चढणीवर संकोच न करता टाकलेला दुसरा गिअर या दोन्ही कृती एकाच काटकसरीच्या ठरतात.