आसीरगडावरचे कैदी राजपुत्र

'गेम ऑफ थ्रोन्स'मधला वॉल्डर फ्रे भर लग्नात पाहुण्यांची कत्तल घडवतो. का? त्याच्या मुलीशी लग्न करण्याचं वचन मोडलं म्हणून. सर्सी लॅनिस्टर माणसं मारत सुटते, कारण आपल्या लेकरांच्या हातून सत्ता गेली की जीवही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. या खलनायकांना ड्रॅगन फारसे लागतच नाहीत. घरातली भीती पुरते. आणि अशा भीतीवर तब्बल दोनशे वर्षं चाललेलं एक खरंखुरं राजघराणं आपल्या खानदेशात होऊन गेलं!

चाळीसगावहून धुळे गाठा आणि तिथून मालेगावच्या रस्त्याला लागा. महामार्गालगत लळिंगचा किल्ला दिसतो. उत्तरेला, तापीकाठी, शिरपूर तालुक्यात थाळनेर. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकानं थाळनेरची जहागीर मलिक राजाला दिली. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. हेच फारूकी घराणं. दोन भावांना वावर वाटून द्यावं, तसं त्यानं थोरल्या नासिरला लळिंग दिलं आणि धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. पण राज्याच्या वाटणीत बांध राहतो कुठे? १४१७ मध्ये माळव्याच्या होशंगशाहाची मदत घेऊन नासिरनं थाळनेर जिंकलं आणि सख्ख्या भावाला कैदेत टाकलं. माळव्याच्या घराण्याशी सोयरीक बापानंच जुळवून ठेवली होती. ती अशी कामी आली.

त्याआधीच नासिरनं आसीरगड मिळवला होता, आणि तो कसा, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. गडाचा धनी आसा अहीर. हजारो गुरांचा मालक, दुष्काळात आपली धान्याची कोठारं गोरगरिबांसाठी उघडणारा माणूस. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की नासिरनं त्याला निरोप धाडला : शत्रू चालून येताहेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. आसानं होकार दिला. डोल्या गड चढल्या. आधीच्या डोल्यांत खरोखरच बायका होत्या. मागाहून आलेल्या डोल्यांत हत्यारबंद शिपाई. स्वागताला पुढे आलेला आसा आणि त्याची मुलं तिथंच मारली गेली. फिरिश्त्यानं हे लिहिलं ते दोनशे वर्षांनंतर, त्यामुळे कथेला रंग चढला असेलही. तरी उपकारकर्त्याच्या विश्वासाचाच गड चढायला उपयोग करावा, ही कल्पना कुठल्याही पटकथाकाराला थक्क करील.

हाच नासिर म्हातारपणी मुलीसाठी लढला! त्याची लेक बहमनी सुलतानाला दिली होती. तिथं सवत आली आणि हिची हेळसांड होऊ लागली, तेव्हा बापानं वऱ्हाडावर फौज घातली. हरला, लळिंगला वेढला गेला आणि १४३७ मध्ये तिथंच वारला. भावाला डांबणारा आणि लेकीसाठी राज्य पणाला लावणारा माणूस एकच. मला तर यात विसंगती वाटत नाही. माझं घर म्हणजे मी आणि माझी लेकरं, भाऊ त्यात नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

पुढे या हिशेबाची रीतच झाली, आणि खरं नवल इथंच आहे. अकबराच्या छावणीत असलेल्या जेरोम झेवियर या पाद्र्याच्या पत्रांवरून लिहिलेला वृत्तांत सांगतो की गादीच्या जवळचे फारूकी राजपुत्र बायकामुलांसह आसीरगडावरच ठेवले जात. राजा मेला की त्यांच्यातला एक खाली उतरून गादीवर बसायचा. म्हणजे बघा, गादी आणि कोठडी यांमध्ये तिसरी जागाच नाही! अशा घरात जन्मलेलं मूल भावाकडे कुठल्या नजरेनं बघेल? त्याच काळात इस्तंबूलला याहून भयंकर उपाय चालू होता : १५९५ मध्ये गादीवर येताच तिसऱ्या मेहमतनं आपले एकोणीस भाऊ मारवले. त्या मानानं फारूकींची कैद दयाळूच म्हणायची. पण ज्यानं उमेदीची वर्षं तटाआड काढली, त्याला राज्य चालवायला कुणी आणि कधी शिकवायचं?

शेवटचा बहादूर असाच कैदेतून थेट गादीवर आला. १५९७ मध्ये त्याचा बाप मोगलांच्या बाजूनं लढताना पडला होता. बहादूरनं अकबराशी वाकडं घेतलं आणि त्याच ओळखीच्या गडावर जाऊन बसला. अकबरानं गडाला वेढा घातला. डिसेंबर १६०० मध्ये तो बोलणी करायला खाली आला, त्याला परत जाऊच दिलं नाही. १७ जानेवारी १६०१ रोजी गड पडला. अकबराला घाई होती, कारण तिकडे अलाहाबादेत त्याचा स्वतःचा मुलगा सलीम बंड करून बसला होता.

तोच सलीम पुढे जहांगीर झाला. त्याच्या मुलांपैकी खुस्रौ १६२२ मध्ये फारूकींच्या जुन्या राजधानीत, बुऱ्हाणपुरात, धाकटा भाऊ खुर्रम याच्या कैदेत मेला. खुर्रमनंच त्याला मारवलं, असं बहुतेक इतिहासकार मानतात. हाच खुर्रम पुढे शाहजहान म्हणून गादीवर बसला. खुस्रौ गेला त्या वर्षी मोगलांच्या हाती सापडलेला बहादूर फारूकी आग्र्यात अजून जिवंत होता.